ह्यांचा डावा हात आणि खामगावची बॅटरी

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा हसते. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा, विहिरीतून येणारा आवाज... मला यातलं काही पटत नाही. पटायचं कारणही नाही. माझं माहेर देऊळगाव राजाचं. वडील शाळामास्तर होते, आणि कुणा बाईच्या अंगात आलं की तिला सरळ 'पाणी प्या आणि बसा' म्हणायचे. सासर महानुभाव पंथातलं. तिथे तर देवऋषी, गंडेदोरे, भूतखेत यांना उंबऱ्याच्या आत थाराच नाही. तेव्हा हे वाचून 'म्हातारीचं डोकं फिरलंय' असं ज्यांना वाटेल त्यांच्याशी मी भांडायला येणार नाही. घडलं ते सांगते. आणि एक आधीच सांगून टाकते — या सगळ्या प्रकारात मला भीती कधी वाटलीच नाही. मला राग आला होता. सवतीचा येतो तसा.

आमचं गाव नांदुऱ्यापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. गावाचं नाव देत नाही, कारण अर्धं गाव नात्यातलं आहे. आमच्या ह्यांचं नाव श्रीकृष्ण. मी त्यांची दुसरी बायको. पहिली वच्छला. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत टायफॉईडने गेली, मूलबाळ नव्हतं. मी तिला कधी पाहिलं नाही, पण घरात ती माझ्यापेक्षा जास्त होती. वच्छला ज्वारी अशी निवडायची, वच्छला सारवायची ते आरशासारखं, वच्छलाच्या हातच्या पातोड्या... मी केलेल्या पातोड्या हे मुकाट्याने खायचे. वाईट झाल्या म्हणाले असते तर मी चार शब्द बोलून मोकळी झाले असते. मुकाट्याने खाणाऱ्या माणसाशी काय भांडणार? आणि मेलेल्या बाईशी तर त्याहून नाही. तिची भाजी कधी करपत नाही, तिचे केस कधी पिकत नाहीत.

पण हे माणूस म्हणून चांगले होते. उंच, कमी बोलणारे, हसले की डोळे बारीक व्हायचे. मी जीव लावला होता त्यांना. म्हणूनच तर मी जळायची.

आमची शेती कोरडवाहू, कापूस आणि ज्वारीची. हंगामात हे नांदुऱ्याला कापसाच्या एका जिनात कामाला जायचे. कापसातून सरकी वेगळी करणारं जे यंत्र असतं, त्याला रेचा म्हणतात. आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्या रेच्यात ह्यांचा डावा हात गेला. अकोल्याच्या दवाखान्यात मनगटाच्या थोडा वरून तो कापावा लागला. ह्यांना ताप चढलेला, शुद्ध नव्हती. मला सासूबाईंनी घरीच ठेवलं होतं. तिकडचं सगळं धाकट्या दिरांनी, गोविंदभाऊजींनी पाहिलं.

जखम भरली. लोक म्हणाले, जिवावरचं हातावर निभावलं. पण खरं दुखणं त्याच्यानंतर सुरू झालं. जो हात नव्हता तोच दुखायला लागला.

हे समजावून सांगणं कठीण आहे. ह्यांना तो हात असल्यासारखा कळायचा, आणि तो कायम मूठ आवळलेला असायचा. "नखं तयहातात रुतून राह्यले," म्हणायचे, "कोनी उघडून द्या ना बाप्पा." उघडणार काय? तिथे हवा होती. मी करडईचं तेल कोमट करून थोट्या हाताला चोळायची, वाळूच्या पुरचुंडीने शेकायची. हे दात आवळून बसायचे आणि माझं मन राखायला "हाव, बरं वाटून राह्यलं" म्हणायचे. मला कळायचं की खोटं आहे. चांगला बैलजोडी हाकणारा माणूस... दुपारी ओट्यावर बसून नसलेल्या मुठीकडे बघत घामाने भिजायचा. गावात कुजबुज व्हायला लागली की श्रीकृष्णाच्या डोक्यावर परिणाम झाला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचं वर्ष असेल. खामगावला एक डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, काही वर्षं परदेशात राहून आलेले. ते म्हणे नसांवर वीज लावून दुखणं थांबवतात. गावात हसले सगळे. पण आम्ही एस.टी. धरली.

डॉक्टर तरुण होते, पण ह्यांचं ऐकून घेताना एकदाही हसले नाहीत. "नसलेला हात दुखतो, हे खरं असतं," म्हणाले. "हात गेला, पण हाताची नस कोपरापर्यंत शाबूत आहे. ती अजून मेंदूला निरोप पाठवतेय." मग त्यांनी ह्यांना विचारलं, "नांदुऱ्याचं रेल्वे फाटक माहीत आहे ना?"

"रोजचंच आहे साहेब."

"तसंच एक फाटक मणक्यात असतं. दुखण्याची गाडी त्यातून मेंदूकडे जाते. आपण त्याच नसेवर हलक्या विजेने नुसत्या मुंग्या आणायच्या. त्या मुंग्यांची गाडी आधी पोचली की फाटक पडतं आणि दुखणं अलीकडेच अडकतं." पुढे म्हणाले, "इथे उपयोग झाला तर मुंबईला ऑपरेशन करून नसेपाशीच बारीक तार बसवतात. पण ते नंतर."

मशीन म्हणजे ट्रान्झिस्टर रेडिओएवढी पेटी. तिला एक गोल खटका, दोन वायरी, वायरींच्या टोकाला काळ्या रबराच्या चकत्या. चकत्यांना कसलीशी जेली लावून डॉक्टरांनी त्या ह्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आणि खटका हळूहळू फिरवला. आम्ही घरी त्याला 'बॅटरी' म्हणायचो.

पहिल्यांदा हे दचकले. मग स्थिर झाले. मग त्यांच्या खांद्यातला ताण उतरताना मला दिसला.

"उघडली," हे म्हणाले.

"काय उघडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मूठ. मूठ उघडली साहेब." आणि रडायलाच लागले.

मीही रडले, आनंदाने. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून माझ्याबद्दल तुमचं मत फारसं चांगलं राहणार नाही.

परतीच्या एस.टी.त हे खिडकीपाशी बसले होते. वाटेत म्हणाले, "सिंधू, ते मुंग्यांनी नाही उघडली वं. कोनीतरी उघडली. एकेक बोट धरून, हळू हळू."

"कोणी म्हणजे?"

"हात होता. बाईचा."

"कोणत्या बाईचा?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, कापूस वेचून झालेली रानं होती.

मग आमच्या खामगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. आठवड्यात एक, कधी दोन. एकदा बॅटरी लावली की दोन-तीन दिवस हे बरे असायचे, मग मूठ पुन्हा आवळायला लागायची. आता कोणत्याही बायकोला याचा आनंदच व्हावा. मलाही होत होता... पण दवाखान्याच्या दिवशी हे दाढी करायला लागले. एका हाताने, आरसा खिडकीत टेकवून, गाल कापून घेत. धुतलेला सदरा मागायला लागले. एरवी चार दिवस तोच सदरा घालणारा माणूस! बॅटरी चालू झाली की डोळे मिटून बसायचे आणि तोंडावर असं काही यायचं की मी खोलीत आहे याची मलाच लाज वाटायची. माझ्यासमोर ते तसे कधी बसले नव्हते.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, काय जाणवलं. एकदा हे म्हणाले, "मूठ उघडते, मंग तयहात चोयते, आन् शेवटी एकेक बोट ओढून कट्कन वाजवते. करंगळी सोडून."

डॉक्टर खूश झाले. "कधीकाळचा स्पर्श मेंदूत जपलेला असतो," म्हणाले. "नस जागी केली की तो परत येतो." मग कौतुकाने माझ्याकडे बघितलं. "वहिनींची सवय दिसतेय!"

मी हसले. दुसरं काय करणार? मला बोटं वाजवण्याचा आवाजच सहन होत नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं एक बोट ओढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन मळ्यात गेले. गोविंदभाऊजी विहिरीपाशी मोट ठीक करत होते. मी आडवळणं घेत बसले नाही.

"भाऊजी, ह्यांची बोटं कोण ओढायचं?"

ते थांबले. "वच्छलावयनी ओढे. दादा थकून आला की ओसरीत बसून ओढे."

"करंगळी?"

"सोडे. दादाची करंगळी लहानपनी मोडेल होती. तिले माहीत होतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काऊन? काय झालं?"

मी खामगावचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"वयनी... एक सांगाचं राह्यलं होतं. दवाखान्यातून दादाचा हात माह्या हातात देल्ला होता. उपरन्यात बांधून. आपल्यात जाळत तं नाही."

हे खरं. आमच्या पंथात दहन नसतं, निक्षेप असतो — म्हणजे माणसाला मीठ घालून जमिनीत ठेवायचं, बहुतेक आपापल्या शेताच्या कडेला. वर दगड नाही, पूजा नाही. वच्छलाही तशीच आमच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, बांधाच्या बाभळीपाशी होती.

"मंग कुठे ठेवला?" मी विचारलं. पण विचारतानाच कळलं होतं.

"एकटा हात जमिनीत कसा ठेवू, वयनी? जीवच धजावला नाही. म्हनलं, जवळचं कोनी असलं पायजे. म्हून... वच्छलावयनीच्या बाजूले ठेवला."

"जवळचं कोणी?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अन् मी? मी घरी जित्ती होते की, भाऊजी! तुमच्यासाठी भाकरी थापत होते!"

"आता तुमच्या बाजूले कसा ठेवला असता?" ते बिचारे खरंच विचारात पडून म्हणाले.

आज लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी नव्हतं आलं. आणि मी शपथेवर सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात भूत वगैरे आलं नाही. एवढंच आलं की माझ्या नवऱ्याचा एक हात तिच्याजवळ आहे. दोन-तीन पावसाळे तिच्याजवळ आहे आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"काढा तो तिथून," मी म्हणाले.

भाऊजी नाही म्हणाले. एकदा ठेवलेलं हलवत नाहीत. मी ऐकलं नाही. रडले, भांडले, माहेरी जाईन म्हणाले, तुमच्या घरात माझं आहेच काय म्हणाले. शेवटी त्यांनीच हात टेकले. एकच अट माझी होती, ह्यांना सांगायचं नाही. सांगितलं असतं तर हे 'नको' म्हणाले असते, आणि ते 'नको' मला ऐकायचं नव्हतं.

हे नांदुऱ्याला बाजारात गेले तो दिवस आम्ही धरला. भर दुपार, लख्ख ऊन. भाऊजींनी कुदळीने नाही, खुरप्याने माती उकरली. वच्छलाच्या बाजूला धक्का लागू नये म्हणून असेल. ढोपरभर खाली उपरणं लागलं. बरंचसं कुजलेलं, पण गाठ होती तिथे होती. भाऊजींनी ते दोन्ही हातांनी उचललं, बाभळीच्या सावलीत ठेवलं आणि कपडा जरा बाजूला केला.

आणि तसेच बसून राहिले.

मी वाकून बघितलं. बारीक बारीक हाडं होती, मातीने पिवळी झालेली. पाची बोटं सरळ. एकेक वेगळं, नीट पसरलेलं.

"वयनी," भाऊजी म्हणाले, "म्या ठेवला तवा मूठ होती. आवळेल मूठ. म्या उघडाले पाह्यली, उघडली नाही. तशीच बांधली."

मास्तरांची मुलगी मी. लगेच म्हणाले, "मांस जातं तशी हाडं सुटी होतात. त्यात काय!" पुढे डॉक्टरांना आडून विचारलं तेव्हा तेही हेच म्हणाले. पण त्या क्षणी, त्या भर उन्हात, माझ्या मनात जे आलं ते लिहितेच — मला वाटलं, बघा, हात धरायची हिला केवढी हौस. मेली तरी सुटली नाही.

आम्ही तो हात विहिरीपाशी नेला. जागा मी निवडली. लिंबाखाली, जिथे मी रोज दुपारी बसून भाकर खायची. नवा धुतलेला कपडा, नवं मीठ. वरची माती मी स्वतःच्या हाताने दाबली. फार बरं वाटलं मला. घरी जाऊन पातोड्या केल्या.

ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. बाजारातून परतताना गाडीतच त्यांची मूठ आवळली होती. नेहमीपेक्षा जास्त. मला वाटलं, बॅटरीचा असर संपला असेल, तेवढंच.

खामगावला गेलो. त्याच चकत्या, तीच जागा, खटका त्याच आकड्यावर. हे डोळे मिटून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. या वेळी मी जरा आरामातच बसले होते, खोटं कशाला सांगू?

काही होईना.

डॉक्टरांनी खटका वाढवला. "मुंग्या येताहेत?"

"मुंग्या येऊन राह्यल्या. मूठ उघडून नाही राह्यली."

डॉक्टरांनी सेल बदलले. जेली बदलली. चकत्या वर-खाली केल्या. चकत्या स्वतःच्या हाताला लावून बघितल्या, त्यांची बोटं टुणकन हलली. म्हणजे मशीन चांगलं होतं. परत ह्यांना लावलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले.

"काय जाणवतंय? नीट सांगा," डॉक्टर म्हणाले.

ह्यांचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "कोनी नाही तिथं, साहेब. हात एकटा पडला."

'एकटा' हा शब्द मी आणि भाऊजी सोडून कुणाच्या तोंडी नव्हता. ह्यांना तो हात जमिनीत कुठे आहे हेच माहीत नव्हतं, मग तो हलवला हे कुठून कळणार?

तरी मी हार मानली नाही. आता म्हणाल ही बाई आहे की कोण. पण मला वाटलं, एकटा कसा? मी आहे ना! त्यानंतर रोज दुपारी मी लिंबाखाली बसायची आणि त्या जागेवर तळहात ठेवायची. माती चोळायची. कोणी नाही बघून बोलायचीसुद्धा, "उघडा आता, मी आहे." एकदा तर बोटाने मातीत पाच रेघा ओढल्या आणि एकेक रेघ खेचल्यासारखी केली. करंगळीची सोडली. ज्या बाईला बोटं वाजलेली सहन होत नाहीत ती मातीची बोटं वाजवत बसली होती! आणि घरी गेले की हे ओट्यावर तसेच, मूठ आवळलेले, चेहरा काळा-निळा. जेवण सुटलं. रात्री-बेरात्री कण्हायचे. माझ्या हाताने काही म्हणजे काही होत नव्हतं. जिवंत असून होत नव्हतं.

पुढच्या फेरीलाही बॅटरीने काही केलं नाही. तेव्हा हे डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, कोपरापासून कापून टाका. लागलं तर खांद्यापासून. पन हे नोको."

डॉक्टर म्हणाले, "कापून उपयोग होईलच असं नाही. दुखणं वर सरकतं कधी कधी."

"तरी कापा."

एस.टी.त हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत. मला हेच तर हवं होतं, नाही का? आणि त्यांच्या कानशिलातली शीर उडताना मला माझ्या खांद्यावर कळत होती. वाटेत कधीतरी मी मनाशी म्हणाले — घे बाई. जिंकलीस.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना सांगितलं, "परत ठेवा." त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. हे घरात पडून होते. आम्ही हात लिंबाखालून काढला, बाभळीपाशी नेला. भाऊजींनी खड्डा केला. ते उठून बाजूला गेल्यावर मी पदर खोचला आणि पुरचुंडी मीच खाली ठेवली. कसा ठेवायचा याचाही विचार केला, लिहायला लाज वाटते. तळहात तिच्या बाजूला केला.

आणि तिच्याशी बोलले. पहिल्यांदाच.

"वच्छला, हा हात तुझा. नीट सांभाळ, दुखू देऊ नको. पण हातच. बाकी सगळा माणूस माझा आहे, तिकडे बघायचं नाही."

माती लोटली आणि घरी आले.

खामगावची पुढची फेरी मी विसरणार नाही. डॉक्टर नाउमेदच होते. मुंबईला पाठवायचं पत्र लिहितो म्हणत होते. तरी एकदा म्हणून त्यांनी चकत्या लावल्या. मी या वेळी ह्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि त्यांचा उजवा हात धरला. खटका फिरला.

ह्यांनी एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. तोंडावर तेच ते आलं.

"उघडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"उघडली."

"आता कुठे दुखतंय का?"

"त्या हाताले काहीच नाही साहेब," हे डोळे न उघडता म्हणाले. "हा दुखून राह्यला. हिनं लय आवळून धरला."

डॉक्टर खो खो हसले. मी नाही हसले. पण सोडलाही नाही.

पुढे डॉक्टरांनी तशीच एक पेटी मुंबईहून मागवून आम्हाला घरी दिली. ऑपरेशनची गरज पडली नाही. ह्यांनी ती पेटी कितीतरी वर्षं वापरली. बॅटरी लावायच्या वेळी मी उजव्या बाजूला बसायची, हे आमच्या घरात ठरूनच गेलं. मुलांना वाटायचं, आईचं बाबांवर किती प्रेम! होतंच. पण त्या अर्ध्या तासात मी पहारा करायची, हे त्यांना कशाला सांगू?

ह्यांना मी हात हलवल्याचं कधीच सांगितलं नाही. भाऊजींनीही नाही. ह्यांनीही ती बाई कोण हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

डॉक्टरांना मात्र एकदा सगळं सांगितलं. मुलं मोठी झाल्यावर, त्यांनी खामगाव सोडलं त्याच्या आधी. ते म्हणाले, "वहिनी, दुखणं मनाशी जोडलेलं असतं. हात हलवल्याचं त्यांना माहीत नसेल, पण तुमच्या वागण्यातून काहीतरी कळलं असेल."

"माझ्या वागण्यातून? मी तर त्या दिवसांत नेहमीपेक्षा गोड वागत होते."

"तेच म्हणतोय," डॉक्टर म्हणाले.

असेलही. मी नाही म्हणत नाही. पण 'हात एकटा पडला' हे शब्द मग कुठून आले? नस, मेंदू, फाटक, सगळं मला पटतं. आजही कोणी भुताची गोष्ट सांगितली तर मी हसतेच. फक्त ही एक गोष्ट कुठल्याच खणात बसत नाही.

हे जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, काही दुखत नव्हतं. भाऊजी थकलेत, तरी निक्षेपाची जागा दाखवायला स्वतः आले. बाभळीपाशी, वच्छलाच्या शेजारी, ह्यांचा डावा खांदा तिच्याकडे. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरीकडे कुठे ठेवणार होतो? तो हात तिथे आहे.

उजवीकडे बांधापर्यंत एका माणसापुरती जागा उरते. गेल्या वर्षी धाकटा मुलगा तिथे तूर पेरायला निघाला, तर मी त्याला शेतातच उभा धरला. दोन्ही पोरांना, सुनांना बजावून ठेवलंय — त्या जागेत काही लावायचं नाही. ती माझी आहे.